इश्यू ट्रॅकरमधली व्हर्जनं कशी सांभाळायची: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

कॉलेजमधून नुकतंच बाहेर पडलेलं कुणी टीममध्ये येतं तेव्हा कोड, गिट, डेटाबेस यांची थोडीफार ओळख झालेली असते. इश्यू ट्रॅकरमधला, म्हणजे बग आणि कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, व्हर्जनचा रकाना मात्र कुणी शिकवलेला नसतो. पहिल्याच आठवड्यात तिकिटावर, म्हणजे अशा एका नोंदीवर, तो ड्रॉपडाउन समोर येतो, त्यात बरीच नावं असतात, आणि वरचं एखादं निवडून पुढे जायची सवय लागते. ती लागायच्या आत हा लेख वाचावा, एवढ्यासाठी लिहितोय.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो. नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची पॅकहाऊसेस भरपूर आहेत, तेव्हा समजा आपली टीम पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर बनवते. शेतकऱ्याचा प्लॉट, कॅरेटची आवक, वजन, प्रतवारी, बॉक्सवरचं बारकोड लेबल. ऑफिसात वेब, आणि गेटवरच्या माणसाच्या हातात अँड्रॉइड ॲप. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा बॉक्सपासून प्लॉटपर्यंत मागोवा लावता यावा लागतो. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली त्यासाठीच आहे. त्यामुळे लेबलवर एक आकडा चुकला तरी पूर्ण लॉट अडू शकतो, आणि तेव्हा पहिला प्रश्न येतो: त्या दिवशी गेटवर कुठलं व्हर्जन चालू होतं?

आधी दोन प्रश्न वेगळे करा

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून सपोर्टला फोन येतो, “ताई, एकच कॅरेट दोनदा चढतंय.” ताई विचारतात, “दादा, ॲपमध्ये ‘अबाउट’ उघडा, काय नंबर दिसतोय?” उत्तर येतं, २.४.०. तिकीट उघडलं जातं. डेव्हलपरला बग सापडतो, दुरुस्ती होते, आणि ती २.४.१ मधून जाणार असं ठरतं.

बग दिसला २.४.० मध्ये. दुरुस्ती पोचणार २.४.१ मधून. जिरा या ट्रॅकरमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन रकाने आहेत, ‘अफेक्ट्स व्हर्जन’ आणि ‘फिक्स व्हर्जन’. पहिला भरायचा तिकीट उघडणाऱ्याने, आणि तोही स्क्रीनवर प्रत्यक्ष दिसलेला नंबर बघून. “बहुतेक नवंच असेल” असं धरून भरू नका. दुसरा रकाना तिकीट उघडताना रिकामा ठेवा. तो भरायचा अधिकार ज्याच्याकडे रिलीजचं नियोजन आहे त्याचा.

नव्या माणसाकडून हमखास होतं ते असं, की दोन्हीकडे २.४.० टाकलं जातं. मग २.४.० च्या रिलीज नोट्समध्ये, म्हणजे त्या व्हर्जनमध्ये काय बदललं याच्या यादीत, ते बाहेर पडून गेल्यानंतर, एक नवी दुरुस्ती उगवते. सपोर्टच्या ताई ट्रॅकर बघून सांगतात, “२.४.० मध्ये झालंय.” समोरचा म्हणतो, “अहो, तेच तर चालू आहे इथे.” विश्वास अशा फोनवर जातो आणि तो परत मिळवायला पूर्ण हंगाम लागतो.

आता त्याहून महत्त्वाचं. ‘फिक्स व्हर्जन’चा अर्थ रिलीजच्या दिवशी बदलतो. रिलीजच्या आधी तो वायदा असतो: हे काम या व्हर्जनमध्ये देऊ. रिलीज झाल्यावर तीच ओळ नोंद होते: हे काम या व्हर्जनमधून गेलं. वायदा पुढे ढकलता येतो, त्यात गैर काही नाही. नोंद मात्र बदलायची नाही, कारण ती घडलेल्या गोष्टीची आहे. पुढचे जवळजवळ सगळे नियम यातूनच निघतात.

मँटिस या जुन्या ट्रॅकरने ही विभागणी उघड केली आहे. त्यात तीन रकाने असतात: बग कुठल्या व्हर्जनचा, दुरुस्ती कुठल्या व्हर्जनसाठी ठरली, आणि प्रत्यक्षात कुठल्या व्हर्जनमध्ये झाली. मला ही रचना सगळ्यात प्रामाणिक वाटते. जिरात दुसरं आणि तिसरं एकाच रकान्यात राहतं, म्हणून तिथे शिस्त माणसांनी पाळावी लागते.

तुमच्या ट्रॅकरमध्ये हे कुठे सापडेल

रेडमाइनमध्ये ‘टार्गेट व्हर्जन’ असतं आणि रोडमॅपच्या पानावर प्रत्येक व्हर्जनचं काम किती टक्के झालं ते दिसतं. बग कुठे दिसला याचा रकाना त्यात तयार मिळत नाही. ॲडमिनकडून व्हर्जन या प्रकाराचं कस्टम फील्ड बनवून घ्यावं लागतं. ते पहिल्या दिवशीच मागून घ्या. बगझिलामध्ये ‘व्हर्जन’ आणि ‘टार्गेट माइलस्टोन’ अशी जोडी आहे.

गिटहबवर गोंधळ जास्त होतो, कारण तिथे व्हर्जन नावाचं फील्डच नाही. माइलस्टोन, म्हणजे इश्यू एकत्र बांधणारा टप्पा, आहे आणि लेबलं आहेत. एका इश्यूला माइलस्टोन एकच लागतो, लेबलं हवी तितकी. यावरून वाटणी आपोआप ठरते: दुरुस्ती कुठे जाणार यासाठी माइलस्टोन, बग कुठे दिसला यासाठी लेबल. माइलस्टोनचं नाव ‘२.४.१’, लेबलचं नाव ‘दिसला: २.४.०’. नुसतं ‘२.४.०’ असं लेबल कधीच करू नका. सहा महिन्यांनी ते बघणाऱ्याला बग तिथे आला की तिथे गेला, हे कळायला मार्ग नसतो. गिटलॅबमध्येही एका इश्यूला एकच माइलस्टोन. तिथल्या सशुल्क योजनेत नावात दोन कोलन टाकून गटाची लेबलं करता येतात आणि एका गटातलं एकच लेबल इश्यूवर राहतं. बग कुठे दिसला यासाठी मात्र हा प्रकार वापरू नका, कारण एकच बग दोन-तीन व्हर्जनमध्ये असू शकतो.

नावं ठेवताना

बहुतेक टीम तीन आकड्यांची पद्धत वापरतात. सिमँटिक व्हर्जनिंगचे नियम सांगतात की जुनं वापरणाऱ्याचं काही मोडणार असेल तर पहिला आकडा वाढवा, जुनं न मोडता नवी सोय आली तर दुसरा, फक्त दुरुस्ती असेल तर तिसरा. पॅकहाऊसच्या भाषेत: वजनकाट्याशी जोडणी बदलली आणि जुनं ॲप चालणार नाही, तर ३.०.०. प्रतवारीचा नवा अहवाल आला, तर २.५.०. दोनदा चढणारं कॅरेट थांबलं, तर २.४.१.

काही टीम तारखेवरून नाव ठेवतात. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं २४.०४ म्हणजे २०२४ च्या एप्रिलमधलं. ग्राहकाला फोनवर “तुमचं किती जुनं आहे” हे लगेच कळावं असं असेल तर ही पद्धत चांगली. दोन्ही पद्धती एका प्रोजेक्टमध्ये मिसळू नका, एवढंच.

कुठलीही पद्धत घ्या, लिहिण्याची तऱ्हा एकच ठेवा. कुणी २.४ लिहितं, कुणी २.४.०, कुणी पुढे ‘व्ही’ लावतं, कुणी ‘रिलीज २.४’ लिहितं. ट्रॅकरसाठी ही चार वेगळी व्हर्जनं होतात आणि एकाच रिलीजची तिकिटं चार ठिकाणी विखुरतात. आणखी एक खाच: यातले आकडे दशांश नाहीत. २.१० हे २.९ च्या नंतरचं आहे. अक्षरांच्या क्रमाने लावणारी यादी २.१० ला २.९ च्या आधी टाकते. जिरामध्ये व्हर्जनांचा क्रम नावावरून ठरत नाही, रिलीजच्या पानावर तुम्ही ओढून लावाल तसा तो राहतो, आणि ‘अमुक व्हर्जनच्या पुढची तिकिटं’ असा शोध घेतलात तर तोच क्रम धरला जातो. नवं व्हर्जन तयार केलं की ते योग्य जागी आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

ॲप आणि सर्व्हर वेगवेगळ्या वेळी बाहेर पडत असतील तर नावातच भेद हवा: ‘ॲप २.४.१’, ‘सर्व्हर ३.२.०’. अँड्रॉइडमध्ये दोन नंबर असतात हेही माहीत असू द्या. एक माणसाला दिसणारं नाव, दुसरा आतला पूर्णांक, जो प्ले स्टोअरवर प्रत्येक नव्या बिल्डला, म्हणजे कोडपासून तयार केलेल्या ॲपच्या फाइलला, वाढवावाच लागतो. ट्रॅकरमधलं व्हर्जन दिसणाऱ्या नावाशी जुळवा, आणि आतला नंबर तिकिटाच्या वर्णनात लिहा. एकाच नावाची दोन टेस्ट बिल्डं टेस्टरकडे गेली असतील तेव्हा तोच कामाला येतो.

किती व्हर्जनं उघडी ठेवायची, आणि कुणी

नवं व्हर्जन तयार करायचा अधिकार एक-दोन माणसांकडेच ठेवा. जिरात त्यासाठी प्रोजेक्ट ॲडमिनची परवानगी लागते, आणि ती सर्वांना वाटून टाकणं सोयीचं वाटलं तरी करू नये. यादी वाढते ती प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरतं एक नाव टाकल्यामुळे.

उघडी व्हर्जनं तीनच पुरतात: चालू व्हर्जनची दुरुस्ती, पुढचं मोठं, आणि त्याच्या पुढचं. यापलीकडचं काम व्हर्जनशिवाय बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, राहू द्या. ‘भविष्यात’ किंवा ‘कधीतरी’ नावाचं व्हर्जन पुष्कळ ट्रॅकरमध्ये सापडतं. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. रिकामा रकाना स्पष्ट सांगतो की हे अजून ठरलेलं नाही; ‘भविष्यात’ असं लिहिलं की ठरल्यासारखं वाटतं आणि ते तिकीट पुन्हा कुणी उघडून बघत नाही.

तारखा मात्र ग्राहकाच्या कामाकडे बघून लावा. सटाणा भागातला लवकरचा माल सोडला तर आपल्याकडे द्राक्षकाढणीचा मुख्य काळ जानेवारी ते एप्रिल. या काळात पॅकहाऊस रात्रीही चालू असतं आणि गेटवरच्या माणसाला नवी स्क्रीन शिकायला वेळ नसतो. म्हणून डिसेंबर संपायच्या आत २.४.० बाहेर काढायचं, हंगामभर फक्त २.४.१, २.४.२ अशा दुरुस्त्या द्यायच्या, आणि २.५.० ची तारीख मे महिन्यातली ठेवायची. ही आखणी ट्रॅकरमध्ये उतरली की फेब्रुवारीत आलेल्या प्रत्येक तिकिटाला एकच प्रश्न विचारता येतो: यामुळे माल अडतोय का? अडत असेल तर २.४ च्या पुढच्या दुरुस्तीत. नसेल तर २.५.० मध्ये, आणि तसं ग्राहकाला त्याच दिवशी सांगायचं.

तिकीट बंद करताना

काम झालं, कोड मर्ज झाला, आता तिकीट बंद करायचं. थांबा आणि बघा: हा कोड ज्या ब्रँचवर गेला तिथून कुठलं व्हर्जन निघणार आहे? फिक्स व्हर्जन त्याच्याशी जुळतं का? नियोजनात २.४.१ लिहिलेलं असतं, पण कोड मुख्य ब्रँचवर गेलेला असतो, जिथून २.५.० निघणार आहे. अशा वेळी एक तर दुरुस्ती २.४ च्या ब्रँचवरही न्या, नाहीतर रकाना बदला. दोन्हीपैकी काहीच न करता तिकीट बंद केलं तर ट्रॅकर खोटं बोलायला लागतो.

तिकीट बंद झालं पण काहीच दुरुस्त केलं नाही, असंही होतं. डुप्लिकेट निघालं, पुन्हा घडवता आलं नाही, किंवा करायचं नाही असं ठरलं. तेव्हा फिक्स व्हर्जन पुसून टाका. नाहीतर रिलीज नोट्समध्ये न झालेल्या कामाची ओळ छापली जाते.

एकच बग, दोन व्हर्जनं

हंगामात २.४.१ ची दुरुस्ती गेली, आणि तोच कोड २.५.० मध्येही हवा. जिरात फिक्स व्हर्जनमध्ये दोन्ही नावं टाकता येतात. पण तिकिटाची स्थिती एकच असते, त्यामुळे एका ब्रँचवर झालं आणि दुसरीवर राहिलं हे त्यातून कळत नाही. छोट्या टीमसाठी मी सुचवेन: दुसऱ्या व्हर्जनसाठी वेगळं तिकीट करून दोन्ही एकमेकांना जोडा. रेडमाइन आणि गिटहबवर तर एकच टार्गेट लागत असल्यामुळे दुसरा मार्गच नाही.

मोठे प्रकल्प यासाठी किती जपतात ते बघण्यासारखं आहे. मोझिलाच्या बगझिलामध्ये एकाच बगवर फायरफॉक्सच्या प्रत्येक चालू व्हर्जनसाठी वेगळी स्थिती लिहिलेली असते: इथे बाधित, इथे दुरुस्त, इथे बाधा नाही, इथे दुरुस्त करणार नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या बग ट्रॅकरमध्येही बग कुठल्या व्हर्जनमध्ये सापडला आणि कुठल्यात दुरुस्त झाला याच्या वेगळ्या नोंदी करता येतात, आणि एका बगला अशा अनेक नोंदी असू शकतात. हे ट्रॅकर सर्वांना बघायला खुले आहेत. एखादी संध्याकाळ काढून पाच-सहा बग वाचा. व्हर्जन म्हणजे काय हे त्यातून जितकं उमगतं तितकं समजावून सांगता येत नाही.

रिलीजचा दिवस

इथे पायऱ्या क्रमाने करा.

१. त्या व्हर्जनची सगळी तिकिटं काढा आणि उघडी कोणती ते बघा. प्रत्येकाबद्दल संबंधित माणसाला विचारून निर्णय घ्या: थांबायचं, की पुढच्या व्हर्जनला न्यायचं. जिरा रिलीज करताना विचारतं की न सुटलेली तिकिटं दुसऱ्या व्हर्जनमध्ये हलवू का. त्या एका बटणावर सगळं सोपवू नका, कारण त्यात चर्चा होत नाही.

२. आता उलट बाजूने तपासा. मागच्या गिट टॅगपासून आजपर्यंतचे कमिट काढा. प्रत्येक कमिटच्या संदेशात तिकीट नंबर असायला हवा. जी तिकिटं कमिटमध्ये आहेत पण या व्हर्जनच्या यादीत नाहीत, ती शोधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात.

३. फिक्स व्हर्जन रिकामं असलेली बंद तिकिटं वेगळा शोध लावून काढा. जिरात ‘हे व्हर्जन नसलेली’ असं शोधलंत तर रिकाम्या रकान्याची तिकिटं त्यात येत नाहीत. ‘रिकामं’ असं स्वतंत्रपणे शोधावं लागतं. भल्याभल्यांना हे माहीत नसतं.

४. ज्या कमिटवरून बिल्ड निघालं त्यावरच गिट टॅग लावा, ट्रॅकरमधल्या नावाशी जुळणारा. टॅगला ‘व्ही’ लावायची पद्धत असेल तर असू द्या, पण आकडे तेच.

५. ट्रॅकरमध्ये व्हर्जन ‘रिलीज झालं’ असं करा आणि खरी तारीख टाका. ठरलेली तारीख नको, बाहेर पडलेली हवी. रेडमाइनमध्ये रिलीजच्या दोन दिवस आधी व्हर्जन ‘लॉक’ करून ठेवता येतं, म्हणजे नवीन तिकीट त्यात शिरत नाही. बाहेर पडल्यावर ‘क्लोज’ करा, मग त्यातलं तिकीट पुन्हा उघडताही येत नाही. गिटहबवर माइलस्टोन बंद केला तरी आतले उघडे इश्यू उघडेच राहतात, तेव्हा पहिली पायरी तिथे जास्त काळजीने करा.

६. त्या यादीवरून रिलीज नोट्स लिहा, सपोर्टच्या माणसाला समजेल अशा मराठीत. ‘आवक मॉड्यूलमधली रेस कंडिशन काढली’ असं नको. ‘नेट कमजोर असताना एकच कॅरेट दोनदा चढत होतं, ते बंद झालं’ असं हवं.

रिलीजनंतर बग परत आला तर

२.४.१ मध्ये दुरुस्त म्हटलेला बग दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये २.४.१ वरच पुन्हा दिसला. जुनं तिकीट उघडून त्याचं फिक्स व्हर्जन २.४.२ करायचा मोह होतो. करू नका. २.४.१ मधून काहीतरी गेलं होतं, ती नोंद राहू द्या. नवीन तिकीट उघडा, ‘अफेक्ट्स’मध्ये २.४.१ टाका, जुन्याशी जोडा. हाच नियम बिल्डलाही लागू आहे. सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये स्पष्ट म्हटलंय की एकदा बाहेर पडलेल्या व्हर्जनमधला मजकूर बदलायचा नाही. बदल हवा तर नवा नंबर. बाहेर गेलेल्या टॅगला उचलून दुसऱ्या कमिटवर ठेवणं म्हणजे दोन पॅकहाऊसमध्ये एकाच नावाची दोन वेगळी ॲप चालू करणं.

यादी आधीच बिघडलेली असेल तर

जुन्या प्रोजेक्टवर रुजू झालात तर हेच समोर येईल. पुसायला घाई करू नका. व्हर्जन डिलीट केलं की तिकिटांवरून ते नाव जातं, आणि कुणाला कधी काय दिलं हा इतिहासही जातो. ‘२.४’, ‘व्ही२.४’ आणि ‘२.४.०’ ही एकच गोष्ट आहे याची गिट टॅगवरून खात्री करा आणि मग ती एकत्र करा. जिरामध्ये व्हर्जनं मर्ज करायची सोय आहे. ज्यांची आता कुणाकडेच स्थापना उरलेली नाही ती व्हर्जनं ‘अर्काइव्ह’ करा. ती ड्रॉपडाउनमधून जातात पण तिकिटांवर राहतात. अर्काइव्ह करण्याआधी सपोर्टला मात्र विचारा. निफाडच्या एखाद्या गेटवर जुन्या फोनमध्ये दोन हंगामांपूर्वीचं ॲप चालू असतं, आणि त्याचा बग नोंदवायला ते नाव यादीत लागतं.

पहिल्या आठवड्यात करायला एक काम सुचवतो. आपल्या टीमचं शेवटचं रिलीज झालेलं व्हर्जन घ्या, त्याची तिकिटं एका बाजूला आणि त्या दोन टॅगमधले कमिट दुसऱ्या बाजूला ठेवून ताडून बघा. न जुळणारी प्रत्येक जोडी कागदावर लिहा, पण ट्रॅकरमध्ये स्वतः काही बदलू नका. तो कागद घेऊन रिलीज सांभाळणाऱ्या सीनियरकडे जा आणि एकेक ओळ विचारा.